भोगीच्या आधी हौद घासू नका

पत्र:

मावशी, नमस्कार. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. मागच्या परड्यात जांभ्या दगडाचा जुना हौद आहे, आठ फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल. म्हशी होत्या तेव्हा त्यांना पाणी पाजायला तो बांधला होता. म्हशी गेल्या आणि मुलानं त्यात मासे सोडले. दहा-बारा गोल्डफिश, दोन कोई आणि डासांसाठी मूठभर गप्पी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. सकाळी सहाला देवपूजा आटोपली की त्या हौदावर जातात आणि रात्रीची चपाती कुस्करून माशांना घालतात. त्यांना मासे नीट दिसावेत म्हणून आम्ही पाणी दीड फुटावरच ठेवतो. गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, सात मासे मेले. भोगीच्या आधी घर आवरताना हौद रिकामा करून काथ्यानं स्वच्छ घासला होता, बोअरचं ताजं पाणी भरलं होतं, तरी असं झालं. दोन माशांच्या अंगावर पांढरे ठिपके होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मुलगा म्हणतो हीटर बसवू. त्यानं मोबाइलवर कॅनडातल्या कुणाच्या तरी तळ्याचा व्हिडिओ बघितलाय, तिथं बर्फाला भोक पाडतात म्हणे. दीर म्हणतात, रोज सकाळी न्हाणीतलं हंडाभर कढत पाणी ओता. आता पुन्हा थंडी पडायला लागली आहे. मासे तळाशी बसून असतात, खायला येत नाहीत. सासूबाईंना ‘घालू नका’ म्हणायची माझी छाती होत नाही. काय करू? आणि गेलेल्यांच्या जागी नवीन मासे आत्ताच आणू का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी थांबले. ‘हौद स्वच्छ घासला होता, ताजं पाणी भरलं होतं, तरी असं झालं.’ हा ‘तरी’ काढून तिथं ‘म्हणून’ लिहा. मला खात्री आहे की तुमचे मासे थंडीनं मेले नाहीत. थंडीत ते आधीच अशक्त झाले होते, आणि त्याच आठवड्यात आपण त्यांचं घर धुऊन काढलं.

हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. माझ्या हातून हेच झालं आहे. बेळगावात आमच्या मागच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात पाणी कमी झालं म्हणून मी सकाळी सातला बोअरचा पाइप हौदात सोडला आणि आत चहा ठेवायला गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते. पाइपच्या तोंडाशी पाण्यातून वाफ निघत होती. ती वाफ बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं. थंडीच्या दिवसांत आपल्या विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. जमिनीखालचं पाणी बाराही महिने जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, आपल्याकडे साधारण २४-२५ अंशांचं. वरचा हौद मात्र रात्रभरात १४-१५ अंशांवर येतो. म्हणजे मी त्या माशांना दहा अंशांचा धक्का एका झटक्यात दिला होता. वर बोअरच्या पाण्यात प्राणवायू अगदी कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. त्या दिवशी माझे चार मासे गेले. त्यातला एक माझ्या धाकट्या भावानं दिलेला होता.

तर आधी थंडीचं बोलू, कारण तुमच्या मुलाचा व्हिडिओ खरा आहे, फक्त तो आपला नाही. कॅनडात तळ्याचं वरचं पाणी गोठतं. पाण्याची एक गंमत अशी की ते ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं, म्हणून बर्फ वर तयार होतो आणि तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं. मासे त्या तळाच्या पाण्यात जवळजवळ न हलता महिनेच्या महिने काढतात. तिथं खरी अडचण थंडीची नसते. झाकण बसल्यासारखा बर्फ बसला की कुजणाऱ्या पानांचे वायू खाली कोंडतात आणि वरून प्राणवायू आत जात नाही. म्हणून ते लोक बर्फात जागा मोकळी ठेवतात. गोल्डफिश आणि त्याची युरोपातली भावंडं तर याहून पुढची आहेत. प्राणवायू पार संपला तर त्यांचं शरीर आतल्या आत साखरेचं मद्यार्कात रूपांतर करतं आणि तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकून देतं. त्या जोरावर ते गोठलेल्या तळ्यात दिवसच्या दिवस तग धरतात. जपानच्या निगाता भागात, जिथं भाताच्या खाचरांमधून हे रंगीत कोई तयार झाले, तिथं माणसाच्या डोक्याच्या वर बर्फ पडतो. कोई म्हणजे आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात तोच मासा, रंगीत वाणाचा. त्याला जांबोटीच्या थंडीची भीती नाही.

आपल्याकडे गोठायचा प्रश्नच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, पौषात पहाटे पारा बारा-तेराच्या आसपास येतो, तुमच्या जंगलाच्या बाजूला आणखी थोडा खाली. पण दुपारी? दुपारी आपण स्वेटर काढून ठेवतो. २८-२९ अंश सहज असतात. आपल्या थंडीचा स्वभावच असा आहे, पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम. माणूस शाल घेतो आणि काढतो. माशाचं रक्त पाण्याच्या तापमानाचं असतं, त्याला शाल नाही. पाणी जितकं उथळ तितकं ते हवेबरोबर खाली-वर होतं. माझ्या हौदात मी दोन थंडीत रोज मोजलं होतं. पाणी दीड फूट असताना सकाळी १४ अंश आणि दुपारी २३. पुढच्या वर्षी तेच पाणी अडीच फूट केलं तर सकाळी १६-१७ आणि दुपारी २०. हौद तोच, जागा तीच, फक्त एक फूट पाणी जास्त. गोल्डफिश १४ अंशांत सुखानं राहतो, २३ मध्येही राहतो. रोज या दोहोंमध्ये हेलकावे खाल्ले की त्याची ताकद जाते आणि रोग त्याच्यावर बसतो.

म्हणून पहिलं काम, हौद अडीच फुटांपर्यंत भरा. पण एका दिवसात नाही. तुमचा हिशेब असा आहे: आठ गुणिले पाच गुणिले दीड म्हणजे ६० घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे आत्ता साधारण १,७०० लिटर पाणी आहे. रोज दोनशे लिटरच्या एका पिंपाएवढंच घाला. बोअरचं पाणी पिंपात आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा, एक-दोनदा बादलीनं वरून ओतून खळखळवा, म्हणजे नको तो वायू उडतो आणि हवा मिसळते. दुसऱ्या दिवशी दुपारी, हौदाचं पाणी तापलेलं असताना, हळूहळू घाला. सहा दिवसांत हौद अडीच फुटांवर येईल. शहरातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तुम्हीही पाणी किमान एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय घालू नका.

आता हौद घासण्याचं. हे नीट सांगते, कारण आपल्याकडे स्वच्छतेला फार मान आहे आणि तो असायलाच हवा, फक्त हौद हे भांडं नाही. हौदाच्या भिंतीला आतून हात लावलात तर बुळबुळीत हिरवट थर लागतो. तो घाण वाटतो. त्या थरात राहणारे सूक्ष्म जीव माशांचं शौचालय साफ करत असतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, तो त्याच्यासाठी विषच आहे. हे जीव त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि ते झाडं-शेवाळ खाऊन टाकतात. काथ्यानं घासून तुम्ही हे सगळे कामगार एका दुपारी काढून टाकलेत. उन्हाळ्यात ते तीन-चार आठवड्यांत परत वसतात. थंडीत त्यांचीही गती मंदावते, जास्त वेळ लागतो. त्याच दिवशी सगळं पाणी बदललं, तेही बोअरचं, तेही दीड फूट. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चपाती. या चार गोष्टी एका आठवड्यात एकत्र आल्या. शेजारच्या काकूंना सांगा, दृष्ट लागली नव्हती.

भोगीला घर आवरा, भांडी घासा, हौदाच्या बाहेरून चुना लावा. आत हात घालू नका. आत्ता, खरी थंडी पडायच्या आधी, एकच काम करा. तळाशी फणसाची आणि सीताफळाची पानं बसली असतील, ती जाळीच्या पळ्यानं हलकेच उचलून घ्या. सीताफळ थंडीत पानं टाकतं आणि ती पाण्यात कुजली की प्राणवायू खातात. गाळ फार असेल तर पाइपनं ओढून निम्माच काढा. मग वर जुनी मच्छरदाणी ताणून बांधा. तिच्यामुळे पानं अडतील आणि खंड्यालाही सूर मारता येणार नाही. थंडीत मरगळलेला मासा खंड्याला फार सोपा सापडतो. करडा धोबी मात्र येऊ द्या. तो थंडीचा पाहुणा शेपटी हलवत काठावरचे किडे टिपतो, माशांना काही करत नाही. तळाशी एक फुटका रांजण किंवा मोठा माठ आडवा ठेवून द्या. माझ्याकडे आजीचा लोणच्याचा रांजण आहे, काठ फुटलेला. डिसेंबरच्या पहाटे बॅटरी मारून बघितलं तर सगळे मासे त्यात तोंड बाहेर करून ओळीनं बसलेले असतात.

हीटर नको. मुलाला माझ्याकडून सांगा की त्याला माशांची काळजी आहे याचं मला फार बरं वाटलं, पण उघड्या परड्यात पाण्यात विजेची वायर सोडणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. शिवाय वीज गेली की तापवलेलं पाणी भराभर उतरतं, म्हणजे जो हेलकावा टाळायचा तोच आपण पैसे भरून विकत घेतला. आणि दिरांचा हंडा? हिशेब करून बघा. न्हाणीतलं २० लिटर कढत पाणी, ९० अंशांचं धरू, १४ अंशांच्या १,७०० लिटरमध्ये ओतलं तर सगळा हौद मिळून एक अंशसुद्धा तापत नाही. पण जिथं ते पडतं तिथं असलेला मासा भाजतो.

ऊब टिकवायची साधी सोय तुमच्या घरातच आहे. सुगी झाली आहे, पिंजर पडून असेल. हौद जमिनीच्या वर बांधलेला असेल तर बाहेरच्या भिंतींना पिंजराच्या पेंढ्या उभ्या लावा आणि वरून गोणपाट बांधा. पिंजर पाण्यात पडू देऊ नका, ते कुजतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की पाण्यातली ऊब थेट वर निघून जाते, म्हणून तर ढगाळ रात्र उबदार लागते. संध्याकाळी ऊन गेलं की निम्म्या हौदावर नारळाच्या झावळ्या आडव्या टाका आणि सकाळी नऊला काढा. निम्म्यावरच टाका, हवा खेळू द्या. दुपारचं ऊन हौदावर पडायलाच हवं. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेच्या अंगाला फणसाची फांदी आडवी येत असेल तर ती छाटा. हवेचा पंप किंवा कारंजं असेल तर रात्री बंद ठेवा, त्यानं पाणी जास्त गार होतं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, १० अंशांत लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम आणि ३० अंशांत साडेसात, त्यामुळे थंडीत मासे सहसा गुदमरत नाहीत. पहाटे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तरच पंप लावा आणि मग तळाशी काय कुजतंय ते शोधा.

आता सासूबाई. ताई, तुम्ही हे शेवटी लिहिलं आहे, पण पत्र तुम्ही यासाठीच लिहिलं असं मला वाटतं.

मासा खालीच बसून असतो आणि खात नाही, ते आजारपण नाही. गोल्डफिश आणि कोई यांना पोटाची पिशवी नसते, तोंडातून थेट आतडं. पचन सगळं पाण्याच्या उबेवर चालतं. पाणी २० अंशांच्या वर असेल तर ते रोज खातात आणि पचवतात. १५ ते २० मध्ये दिवसातून एकदा, थोडं. १५ च्या खाली दोन-तीन दिवसांतून एकदा, चिमूटभर. १० च्या खाली काहीही नाही. सकाळी सहाला तुमच्या हौदात पाणी सगळ्यात गार असतं. त्या वेळी घातलेली चपाती एखाद-दुसरा मासा सवयीनं गिळतो, ती आतड्यात तशीच पडून राहते, फुगते, आंबते. उरलेली तळाशी बसते आणि पाणी नासवते.

हे सासूबाईंना ‘घालू नका’ असं सांगू नका. ८१ वर्षांची बाई पहाटे देवाला फूल वाहून उठते आणि मुक्या जिवाला घास देते. तिचा हात धरणं बरोबर नाही आणि तुम्हाला जमणारही नाही. त्या म्हणतील, ‘मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं व्हय गं?’ त्यांना सांगा की मासे थंडीत उपास धरतात. हे खोटं नाही, अगदी खरं आहे. त्यांना एकादशी ठाऊक आहे, मार्गशीर्षातले गुरुवार ठाऊक आहेत. उपासाच्या दिवशी कुणी आग्रह करून जेवायला वाढलं तर बरं वाटत नाही, हे त्यांना आपल्याहून चांगलं कळतं. मग त्यांना एक काम द्या. माशांच्या दुकानात काचेचं साधं तापमापक मिळतं. ते दोरीनं हौदात सोडून ठेवा. सकाळी पूजेनंतर सासूबाईंनी हौदावर जायचं, रोजच्यासारखं, आणि पारा कुठं आहे ते नातवाकडून वाचून घ्यायचं. नातवानं तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. दुपारी दोनला परत एकदा. नियम वरच्या आकड्यांहून थोडा कडक, पण लक्षात ठेवायला सोपा करा. दुपारचा आकडा १८ च्या वर असला तर त्या दिवशी जेवण. १५ ते १८ असला तर एक दिवसाआड. त्याखाली असेल तर उपास.

आणि खाऊ घालायची वेळ दुपारी साडेबारा ते दोन. त्यांचं जेवण झालं, पान खाल्लं की हौदावर. चपाती बंद करा, तिच्याऐवजी माशांचं खाद्य, बुडणारं नको, तरंगणारं. तरंगणारं का, तर दोन मिनिटांत जे संपलं नाही ते चाळणीनं उचलता येतं. अधूनमधून उकडून सालं काढलेला वाटाण्याचा दाणा चुरून घातला तर आतडं साफ राहतं. एका डबीत दिवसाचा वाटा मोजून ठेवा, चहाच्या लहान चमच्यानं सपाट एक. तुमच्या माशांना तेवढा पुष्कळ आहे. त्या डबीची मालकी सासूबाईंची. माझी सासू शेवटची तीन वर्षं अशीच डबी हातात घेऊन अंगणात बसायची. कधी ती मला म्हणायची, ‘आज सोळा आहे, आज नाही.’

पाणी वाढवल्यावर मासे दिसणार नाहीत अशी भीती आहे ना? उन्हात, दुपारी, खायच्या वेळी मासे आपणहून वर येतात. हौदाच्या उत्तरेच्या बाजूला त्यांच्यासाठी दगडी पायरी किंवा खुर्ची ठेवा. दक्षिणेला बसल्या तर त्यांचीच सावली पाण्यावर पडेल आणि मासे लांब जातील.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. ते रव्याच्या दाण्यांसारखे होते का, अंगावर आणि शेपटीवर शिंपडल्यासारखे? आणि मासा भिंतीला अंग घासत होता का? मग तो ठिपक्यांचा रोग, एक परजीवी. थंडी पडताना आणि जाताना, तापमान हलतं तेव्हा तो हटकून येतो. तो माशाच्या कातडीत शिरून वाढतो, मग गळून तळाशी पडतो, एकाची शेकडो पिलं होतात आणि ती पाण्यात पोहत दुसरा मासा शोधतात. औषध किंवा मीठ फक्त त्या पोहणाऱ्या पिलांना मारतं. कातडीतल्याला काही होत नाही. २५ अंशांत हा फेरा चार-सात दिवसांत पूर्ण होतो, पण आपल्या थंडीतल्या पाण्यात दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत ठिपके गेले की लोक उपाय थांबवतात आणि तो परत येतो.

ठिपके दिसले तर मासा पन्नास लिटरच्या टबात, हौदाचंच पाणी घेऊन, घरात आणून ठेवा आणि टबात हवेचा पंप सोडा. त्यात १०० ते १५० ग्रॅम खडे मीठ, एकदम नाही, दोन दिवसांत तीन वेळा विरघळवून. रोज दहा लिटर पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतं मीठ परत घाला. तीन आठवडे. हौदातही लिटरला एक ग्रॅम, म्हणजे भरलेल्या हौदाला पावणेतीन किलोच्या आसपास, पण त्याआधी कमळाची कुंडी असेल तर बाहेर काढा, मिठानं झाडं जळतात. कमळ तसंही थंडीत झोपलेलं असतं, सुकलेली पानं काढून कंद पाण्याच्या टबात ठेवलेला चालतो. दुकानातली निळी-हिरवी औषधं अंदाजानं ओतू नका.

अथणी, चिकोडीकडचे शेततळीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. मरळ, मृगळ किंवा खवल्याच्या अंगावर लाल जखमा, खड्डे पडलेले दिसले तर तो ठिपक्यांचा रोग नाही. तो थंडीतलाच जखमांचा रोग आहे, बुरशीसारख्या जीवानं होतो आणि भारतात १९८८ मध्ये पहिल्यांदा आला. त्यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेनं सायफॅक्स नावाचं औषध तयार केलं आहे. मिठानं भागवू नका, मत्स्य खात्याच्या माणसाला तळं दाखवा.

गप्पींना मी शेवटी ठेवलं, पण घाई त्यांचीच करायला हवी. गप्पी त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा, बारमाही उबदार पाण्यातला मासा. १५-१६ अंशांच्या खाली तो सुस्तावतो आणि तसंच राहिलं तर मरतो. तुमच्या बाजूच्या थंडीत खरा धोका त्यालाच आहे. याच आठवड्यात दुपारी दहा-बारा गप्पी, त्यात माद्या जास्त, काचेच्या मोठ्या बरणीत किंवा बादलीत हौदाच्या पाण्यासकट स्वयंपाकघरात आणा. बरणीत पाणवनस्पतीची एक काडी टाका, रोज चिमटीत मावेल त्याच्या चौथाईइतकं खाद्य द्या. गप्पीच्या माद्या पिलं घालतात, अंडी नाही, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत दहाचे पन्नास होतात आणि हौद परत भरतो. हौदात राहिलेल्यांपैकी काही जगतील, काही नाही.

नवीन मासे आत्ता आणू नका. दुकानातला मासा घरातल्या उबदार काचेच्या पेटीत वाढलेला असतो, पिशवीतून आणून १५ अंशांच्या हौदात सोडलात तर तो आठवडा काढणार नाही, आणि जाताना तुमच्या जुन्या माशांना रोग देऊन जाईल. आपल्याकडे म्हणतात ना, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. महाशिवरात्र होऊ द्या. नातवाच्या कॅलेंडरवर सकाळचा आकडा आठवडाभर २० च्या वर दिसला की चार गोल्डफिश आणा, दोन आठवडे टबात वेगळे ठेवा आणि मग हौदात सोडा. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून, दुपारी.